अर्बुदाचा शेष : तरुण स्त्रियांच्या स्तनकर्करोगाच्या चिकित्सेचा इतिहास

आमच्या संग्रहांत वैद्यकाचें एक बाड आहे. कागद जुन्नरी, अक्षर बालबोध, मधून मधून मोडींतील फुटकळ टिपणें; आरंभींचीं व शेवटचीं पानें गेलेलीं असल्यामुळें कर्त्याचें नांव वा लेखनाचा शक मिळत नाहीं. या बाडांत स्तनरोगावरील एक लेप दिला आहे. तीन वर्षांपूर्वीं आमच्या भाचीस उजव्या स्तनांत सुपारीएवढी गांठ हातास लागूं लागली. तिचें वय तेव्हां चौतीस. तिच्या आईनें, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीनें, "दादा, तुझ्या पोथ्यांत कांहीं आहे का बघ" म्हणून निरोप धाडिला, आणि आम्हीं मोठ्या हौसेनें त्या लेपाची नक्कल करून पाठविली. लेपांत सात आठवडे गेले. गांठ दुखत नव्हती म्हणून कोणास घाईही वाटली नाहीं. पुढें सुईनें तुकडा काढून तपासला तेव्हां तो कर्करोग ठरला. तो प्राथमिक अवस्थेंतच सांपडला हें दैव. त्यांत आमचें कर्तृत्व कांहीं नाहीं.

आमचा प्रमाद येथेंच थांबला नाहीं. शल्यचिकित्सकांनीं भाचीपुढें दोन मार्ग ठेविले. गांठ व तिच्या भोंवतालचा थोडा निरोगी भाग काढून स्तन राखावा आणि मागाहून किरणोपचार घ्यावे, हा एक; संपूर्ण स्तन काढावा, हा दुसरा. आयुष्याच्या दृष्टीनें दोहोंत भेद नाहीं असेंही त्यांनीं सांगितलें. घरांतील वडील मंडळींस हें खरें वाटेना. पोर तरुण आहे, समूळ काढून टाका, दुसराही काढा, असा सूर निघाला. व त्या सुरास शास्त्राधार आम्हीं पुरविला. सुश्रुतानें अर्बुद निःशेष काढावें असें स्पष्ट म्हटलें आहे, असें आम्ही बोलून गेलों. भाची शांतपणें ऐकत होती. ती म्हणाली, "मामा, निःशेष काय काढायचें? गांठ, कीं स्तन?" विशेषण-विशेष्याचा अन्वय तिला शाळेच्या वयांत आम्हींच शिकविला होता.

त्या दिवशीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. नंतर मूळ ग्रंथ पुन्हा उघडले, डॉक्टरांकडून मागून घेऊन आधुनिक निबंधही वाचले, आणि जें हातीं लागलें तें येथें मांडीत आहों. विषय त्रैमासिकाच्या नेहमींच्या वाटेवरचा नव्हे. पण ज्यांच्यापाशीं वैद्यकाचीं बाडें आहेत त्यांस असे निरोप आज ना उद्यां येतात, म्हणून संग्राहक वाचकांनीं तो परका मानूं नये.

प्रथम लेपाची गोष्ट. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत स्तनरोगांचा विचार दहाव्या अध्यायांत, विसर्प व नाडीव्रण यांच्या शेजारीं येतो. ग्रंथि, अपची, अर्बुद व गलगंड यांचा अकराव्यांत. अध्याय एकमेकांस लागून, पण विषय अगदीं भिन्न. कुमारिकांच्या स्तनांतील धमन्यांचीं मुखें मिटलेलीं असतात, म्हणून दोष तेथें पसरत नाहींत व त्यांस स्तनरोग होत नाहीं; गर्भवती व प्रसूत स्त्रियांत तीं मुखें स्वभावतःच उघडतात, म्हणून रोग संभवतो, असें सुश्रुताचें म्हणणें. या रोगाचीं लक्षणें बाह्य विद्रधीप्रमाणें जाणावीं असेंही तो सांगतो. विद्रधि म्हणजे पिकणारें गळूं. अर्थात् अंगावर पाजणाऱ्या बाईचा स्तन ठणकतो, लाल होतो, पिकतो, तो हा विकार. आणि आमच्या बाडांतील लेप याच परंपरेंतला आहे. न दुखणाऱ्या व न पिकणाऱ्या गांठीचा त्याशीं कांहीं संबंध नाहीं. आम्हीं 'स्तनरोग' हा शब्द वाचला आणि त्यास आजचा अर्थ चिकटविला. शब्दाचा आजचा अर्थ जुन्या कागदावर लादूं नये, असें दुसऱ्यांच्या लेखांवर टीका करितांना आम्हीं किती वेळां लिहिलें असेल !

कुमारिकांविषयींचें विधानही कर्करोगास लावतां येत नाहीं. इटलींतील वैद्य रामाझ्झिनी यानें धंद्यांपासून होणाऱ्या रोगांवर इ. स. १७०० सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. मठांत राहणाऱ्या जोगिणींत स्तनाचा कर्करोग विशेष आढळतो असें त्यानें त्यांत नमूद केलें आहे. म्हणजे सुश्रुताच्या स्तनरोगाच्या नेमकें उलट. अपत्य नसणें व हा रोग यांचा संबंध पुढें गणनेनेंही दिसून आला. दोन ग्रंथकार परस्परविरोधी बोलतात असें जेथें वाटतें, तेथें ते पुष्कळदां निरनिराळ्या वस्तूंविषयीं बोलत असतात, त्याचें हें चांगलें उदाहरण होय.

आतां अर्बुद. 'कर्करोग' हा शब्द सुश्रुतांत नाहीं. ग्रीक वैद्यांनीं या रोगास खेकड्याचें नांव दिलें, लॅटिनांत त्याचें भाषांतर झालें, व तेंच रूपक अर्वाचीन काळीं आपल्या भाषांत 'कर्क' होऊन आलें. सुश्रुताचें अर्बुद त्याच्या सर्वांत जवळचें. मात्र त्यांत आजच्या दृष्टीनें निरुपद्रवी अशा चरबीच्या गांठीही येतात. वाटोळें, न हलणारें, अल्प वेदनेचें, खोल मुळाचें, सावकाश वाढणारें व न पिकणारें, असें त्याचें वर्णन आहे. सुपारीसारखी न दुखणारी गांठ कोणत्या अध्यायांत शोधावी हें यावरून पोरासही कळावें. मांसांतून व रक्तांतून उद्भवणारीं अर्बुदें असाध्य. मर्मस्थानीं झालेलें किंवा स्रवणारें अर्बुदही वर्ज्य. शारीरस्थानांत स्तनमूल व स्तनरोहित अशीं दोन मर्में सांगितलीं आहेत. तेव्हां स्तनांतील अर्बुदावर शस्त्र चालविण्यास सुश्रुत फारसा राजी नसावा, असें आमचें अनुमान आहे. अनुमानाहून अधिक त्यास म्हणवत नाहीं.

ज्या वचनाचा आम्हीं आधार घेतला तें चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायांत आहे. इ. स. १९३८ च्या निर्णयसागर आवृत्तींत, यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं डल्हणाच्या टीकेसह शोधलेल्या पाठांत, तें मेदोज अर्बुदाच्या चिकित्सेच्या अखेरीस येतें. आशय असा कीं, ज्यांत शेष राहिला अशीं अर्बुदें लवकर पुन्हा उद्भवतात, म्हणून तीं अशेष काढावीं. शेष राहिलेलीं अग्नीप्रमाणें घात करितात. येथें 'अशेष' हें विशेषण नपुंसकलिंगी बहुवचनीं आहे व तें 'अर्बुद' या शब्दाशीं जुळतें. ज्या अवयवांत अर्बुद झालें त्याचा या वाक्यांत उल्लेखही नाहीं. भाचीनें विचारलें तेंच व्याकरण सांगतें : काढावयाचें तें अर्बुद, अवयव नव्हे. दुसरें असें कीं, मागें राहतो तो शेष कशाचा, हें सांगतांना श्लोकांत 'सशेषदोष' असा समास आहे. शेष दोषाचाही असतो. आणि दोष ही वस्तु एका जागीं बांधलेली नव्हे, ती देहभर संचार करणारी. म्हणजे सुरीच्या टोंकाशीं राहिलेला शेष व देहांत राहिलेला शेष, असे दोन अर्थ या वचनांत संभवतात.

यावरून आजचें सर्व शास्त्र सुश्रुतास अवगत होतें असें म्हणणारा एक पंथ आहे. आम्ही त्या पंथाचे नव्हों. काठमांडूच्या केसर ग्रंथालयांतील इ. स. ८७८ ची ताडपत्री प्रत आज या संहितेची अत्यंत जुनी शकांकित प्रत म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्या कर्त्यास किंवा लेखकास सूक्ष्मदर्शक, पेशी वा संप्रेरक ठाऊक नव्हते. आमचें म्हणणें इतकेंच कीं, 'शेष कशाचा व कोठें' हा प्रश्न त्यानें भाषेंत मोकळा ठेविला होता, आणि पुढल्या काळांतील पाश्चात्त्य शल्यवैद्यांनीं त्याचें एकच उत्तर धरून जवळजवळ ऐंशी वर्षें काढलीं.

हें उत्तर अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील विल्यम हॉलस्टेड याचें. इ. स. १८९४ सालीं त्यानें जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांतील पन्नास रोगिणींचा वृत्तांत प्रसिद्ध केला. संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू व कांखेंतील लसिकाग्रंथि, हें सर्व एकसंध काढावयाचें, अशी त्याची पद्धत. त्या पन्नासांत छातीवर त्याच जागीं रोग उलटलेल्या अवघ्या तीन निघाल्या. त्या काळीं इतरांच्या हातून अर्ध्याहून अधिकांचा रोग उलटत असे, म्हणून हा आंकडा मोठा विलक्षण वाटला, व तसा तो होताही. या क्रियेस जें इंग्रजी विशेषण पडलें त्याचा मूळ धातु लॅटिन, अर्थ 'मूळ'. आपल्या 'समूळ' शब्दाशीं तंतोतंत जुळणारा. शब्दांत इतकें बळ असतें कीं, समूळ म्हटलें म्हणजे त्याहून कमी तें अपुरें, आणि अपुरें तें पाप, असें वाटूं लागतें. शिष्य गुरूच्याही पुढें गेले. कोणी फासळ्यांच्या आंतील ग्रंथि काढूं लागले, कोणी गळ्याखालच्या. ज्या स्त्रिया वांचल्या त्यांचा हात सुजे, खांदा आंखडे, छातीवर कातडीखालीं हाडें दिसत. तरुण स्त्रीस हें पन्नास-पन्नास वर्षें वाहावें लागे. शिवाय, गांठ तपासणें व स्तन काढणें या दोन्ही गोष्टी एकाच गुंगींत उरकण्याची चाल होती. बाई झोपे, व जागी झाल्यावर छातीस हात लावून स्वतःचें भविष्य जाणून घेई. या चालीविरुद्ध इ. स. १९७४ च्या सुमारास रोझ कुश्नर या अमेरिकन बाईनें, जी स्वतः रोगिणी होती, लेखणी उचलली. १९७९ सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्यसंस्थांच्या परिषदेंत तिला स्थान मिळालें व ही चाल मोडावी असें ठरलें.

त्याच स्थानिक शेषाच्या मताविरुद्ध पहिला धीट पुरावा ज्यानें जमविला तो गृहस्थ आमच्या वाचकांच्या जातीचा होता, म्हणून त्याच्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. जेफ्री केन्स याचा जन्म इ. स. १८८७ चा, अर्थशास्त्रज्ञ केन्स याचा हा धाकटा बंधु. जुनीं पुस्तकें व हस्तलिखितें जमविणें हा त्याचा आजन्म नाद. कवि डन याच्या ग्रंथांची सूचि त्यानें १९१४ सालीं केली, ब्लेकची १९२१ सालीं, टॉमस ब्राउनची १९२४ सालीं, रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या हार्वेची १९२८ सालीं. ब्लेकचें लेखन अस्सलाशीं ताडून त्यानें तीन खंडांत छापिलें. हा मनुष्य धंद्यानें लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांतील शल्यवैद्य होता. पहिल्या महायुद्धांत फ्रान्सच्या आघाडीवर त्यानें रक्तदानाचें तंत्र हाताळलें व त्यावर पुस्तक लिहिलें. १९२४ सालापासून त्यानें स्तनकर्करोगावर रेडियमच्या सुया वापरावयास आरंभ केला. गांठीभोंवतीं, कांखेंत, गळ्याच्या हाडावर व फासळ्यांच्या मधल्या जागीं या सुया रोवून त्या सुमारें आठवडाभर ठेवावयाच्या. गांठ कधीं काढावी, कधीं तीही राहूं द्यावी. स्तन मात्र राखावा. १९३७ सालीं त्यानें ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत अनेक वर्षांचा हिशेब मांडला. सौम्य उपचार घेतलेल्या स्त्रिया हॉलस्टेडच्या रीतीनें कापलेल्या स्त्रियांहून लवकर मरत नाहींत, हा त्याचा निष्कर्ष.

स्वदेशांत त्याचें फारसें कोणीं ऐकिलें नाहीं, अमेरिकेंत तर नाहींच. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच बाँबच्या भयानें लंडनांतील रेडियम हलविलें गेलें व त्याचें काम थांबलें. पण युद्धास सर्व दोष देतां येत नाहीं. केन्सच्या पुराव्यांतच एक उणीव होती, व ती ग्रंथसूचिकारास तरी समजावयास हवी होती असें आम्हांस वाटतें. त्यानें आपल्या रोगिणींची तुलना दुसऱ्यांच्या, दुसऱ्या काळच्या व दुसऱ्या निवडीच्या रोगिणींशीं केली. एका घराण्यांतील चांगली प्रत दुसऱ्या घराण्यांतील वाईट प्रतीशीं ताडून पाठ ठरविला तर तो टिकत नाहीं; दोन्ही प्रती एका मूळापासून निघाल्या आहेत हें आधीं दाखवावें लागतें. केन्स ९५ वर्षांचा होऊन १९८२ सालीं वारला. आपलें म्हणणें खरें ठरल्याचें पाहण्याइतकें आयुष्य त्यास लाभलें, ही संतोषाची गोष्ट.

तें खरें ठरलें तें असें. एकसारख्या रोगिणी घ्यावयाच्या, व कोणीस कोणता उपचार हें वैद्यानें वा रोगिणीनें न ठरवितां चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दैवावर सोडावयाचें. मग दोन्ही गटांच्या मूळांत भेद राहत नाहीं, व पुढें दिसणारा भेद उपचाराचाच असतो. मिलानच्या राष्ट्रीय कर्करोगसंस्थेंत उंबेर्तो व्हेरोनेसी यानें १९७३ ते १९८० या काळांत दोन सेंटीमीटरपर्यंतच्या गांठीच्या ७०१ स्त्रिया अशा वांटल्या : अर्ध्यांवर हॉलस्टेडची क्रिया, अर्ध्यांत स्तनाचा चतुर्थांश काढून किरणोपचार. अमेरिकेंत पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यानें १९७६ ते १९८४ मध्यें १,८५१ स्त्रिया तीन गटांत वांटल्या : संपूर्ण स्तन काढलेल्या, केवळ गांठ काढलेल्या, आणि गांठ काढून किरणोपचार दिलेल्या. दोहोंचीं वीस वर्षांचीं फलितें २००२ च्या ऑक्टोबरांत एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकांत आलीं. जगण्यांत भेद नाहीं. फिशरच्या गणनेंत राखलेल्या स्तनांत रोग उलटण्याचें प्रमाण किरणोपचाराशिवाय शेंकडा ३९.२, किरणोपचारानें १४.३. म्हणजे स्थानिक शेष हा खराच असतो, व किरण तो पुष्कळ अंशीं जाळतात. पण मृत्यु ज्या शेषामुळें येतो तो बहुधा निदानापूर्वींच देहांत अन्यत्र गेलेला असतो, व तेथवर कोणतीही सुरी पोंचत नाहीं.

या प्रकरणांत बनावट कागदाचाही एक प्रसंग आहे, तो सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९९० सालीं पिट्सबर्गच्या कचेरींत मॉन्ट्रियलहून आलेले एकाच रोगिणीचे शस्त्रक्रियेचे दोन वृत्तांत एकीच्या हातीं लागले. अक्षरशः सारखे, भेद फक्त तारखेंत. नियमांत न बसणाऱ्या स्त्रिया बसविण्यासाठीं तेथील शल्यवैद्यानें कांहीं नोंदी फिरविल्या होत्या. हें १९९४ सालीं वर्तमानपत्रांतून बाहेर आलें, मोठा गहजब झाला, फिशरला कांहीं काळ आपलें पद सोडावें लागलें. मग त्या रुग्णालयाचे सर्व कागद वगळून पुन्हा हिशेब केला. निष्कर्ष तोच निघाला. संशयित कागद बाजूस काढल्यावरही जो इतिहास उभा राहतो तो इतिहास खरा, या आपल्या कसोटीस हें शास्त्र असें उतरलें.

देहांतील शेषाकडे पाहणारा दुसरा ओघ याहून जुना आहे, व त्याचा उगम एका तरुण स्त्रीपाशींच आहे. ग्लासगोचा जॉर्ज बीटसन याचा पदवीचा प्रबंध दुधाच्या उत्पत्तीवर होता. गाईचे बीजकोश काढले असतां ती दीर्घकाळ दूध देत राहते, असा कांहीं देशांतील गोपालकांचा अनुभव त्याच्या वाचनांत आला होता. स्तनांतील पेशींवर दूरच्या बीजकोशांचा अंमल चालतो, मग तेथील रोगावर कां चालूं नये, असा त्यानें तर्क केला. १८९५ च्या जून महिन्यांत, जिचा रोग शस्त्राच्या पलीकडे गेला होता अशा तेहतीस वर्षांच्या एका बाईचे बीजकोश त्यानें काढले. छातीवरील गांठी कांहीं महिन्यांत विरून गेल्या. पुढें रोग उलटला, हें खरें. पण १८९६ सालीं लॅन्सेट पत्रांत त्यानें प्रसिद्ध केलेला हा वृत्तांत स्तनकर्करोगाच्या संप्रेरकचिकित्सेचा पहिला दस्तऐवज होय. तेव्हां संप्रेरक हा शब्दही जन्मला नव्हता. बीजकोशांतील एस्ट्रोन हें द्रव्य वेगळें झालें तें १९२९ सालीं. पुढें त्याच द्रव्याचें दार अडविणारें टॅमॉक्सिफेन १९७३ पासून ब्रिटनमध्यें प्रचारांत आलें. ज्या गाठींस संप्रेरकाची संवेदना आहे अशा तरुण स्त्रियांस आज हें औषध, व धोका अधिक असेल तर बीजकोशांचें काम औषधानेंच थांबविणें, असा उपचार देतात. मिलानच्याच बोनादोन्ना यानें १९७६ सालीं शस्त्रक्रियेनंतर तीन रासायनिक औषधें मिळून देण्याचें फलित मांडलें. पहिल्या फलितांत लाभ मुख्यतः ऋतुप्राप्ति चालू असलेल्या, म्हणजे तुलनेनें तरुण, स्त्रियांत दिसला. कांहीं गाठींवर एक विशिष्ट प्रथिन अतोनात असतें; त्यावरील ट्रास्टुझुमॅब १९९८ सालीं आलें, व २००५ पासून प्राथमिक अवस्थेंतही त्याचा उपयोग सिद्ध झाला. कांखेंतील सर्व ग्रंथि सरसकट न काढतां रंग सोडून पहिली ग्रंथि ओळखावी व तीच आधीं तपासावी, ही रीतिही १९९४ नंतरची.

तरुणपणाचा प्रश्न मात्र निराळा पाहिला पाहिजे, कारण वडील मंडळींचा आग्रह त्यावरच होता. त्या आग्रहांत सत्याचा अंश आहे. राखलेल्या स्तनांत रोग उलटण्याचा संभव चाळिशीच्या आंतील स्त्रियांत अधिक असतो. युरोपांत १९८९ ते १९९६ या काळांत पांच हजारांवर स्त्रियांची अशीच वांटणी करून, गांठीच्या जागेवर किरणांची जादा मात्रा देऊन पाहिली. चाळीस व त्याखालील वयाच्या स्त्रियांत पांच वर्षांत रोग उलटण्याचें प्रमाण शेंकडा १९.५ होतें तें १०.२ वर आलें. म्हणजे तरुण वयाचें उत्तर जादा किरण हें मिळालें. केवळ वय लहान म्हणून संपूर्ण स्तन काढल्यानें आयुष्य वाढतें असें दिसून आलेलें नाहीं. निरोगी असा दुसरा स्तन काढल्यानेंही सामान्यतः नाहीं.

अपवाद आहे, व तो मोठा आहे. कांहीं घराण्यांत हा रोग आईकडून किंवा बापाकडून उतरतो. त्याचें एक बीज सतराव्या गुणसूत्रावर आहे हें मेरी-क्लेअर किंग हिनें १९९० सालीं दाखविलें. तें जनुक १९९४ सालीं व दुसरें १९९५ सालीं हातीं आलें. ज्या स्त्रीत असा दोष आहे तिच्यापुढें दोन्ही स्तन काढण्याचा विचार यथार्थपणें येतो, बीजकोशांचाही येतो, व औषधेंही कांहीं निराळीं असतात. म्हणून तरुण रोगिणीची ही परीक्षा शक्यतों आधीं करावी. वंशावळी जमविण्याचा आमचा नाद एथें प्रथमच कोणाच्या उपयोगीं पडला : भाचीच्या दोन्ही कुळांतील चार पिढ्यांचा तक्ता आम्हीं डॉक्टरांस करून दिला. तिची परीक्षा निर्दोष आली. तिनें स्तन राखला.

किरणोपचाराची सोय जवळ नसली तर हा मार्ग कागदावरच राहतो, हें मात्र सांगितलें पाहिजे. यंत्र दूरच्या शहरीं, रोज एक खेप, असे पूर्वीं पांच आठवडे लागत. लहान खेड्यांतील बाई त्यापेक्षां स्तन देऊन मोकळी होई, व अजूनही होते. ब्रिटनमधील प्रयोगांनीं तीन आठवड्यांचा क्रम तितकाच गुणकारी ठरविला, व २०२० सालीं एका आठवड्याच्या क्रमाचेंही अनुकूल फलित आलें. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथील शल्यवैद्यांच्या पुढाकारानें देशांतील अकरा ठिकाणीं १,५८३ स्त्रियांवर झालेला एक प्रयोग २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. शस्त्र लावण्यापूर्वीं गांठीभोंवतीं नेहमींचें बधिर करण्याचें औषध टोंचलें असतां, पांच वर्षांनीं हयात असलेल्यांचें प्रमाण शेंकडा ८६.४ वरून ९०.१ झालें. कापतांना जो शेष निसटून देहांत जातो असें मानतात त्यास अटकाव करण्याचा हा यत्न. अन्यत्र असाच प्रयोग होऊन तो पडताळला जावा हें बरें. पण औषध स्वस्त व प्रत्येक शस्त्रगृहांत आधींच असलेलें, ही त्याची मोठी जमेची बाजू.

राहिली एक गोष्ट, जी घरांत कोणीं मोठ्यानें उच्चारली नाहीं. भाचीस मूल नव्हतें. रासायनिक औषधांनीं बीजकोश कायमचे निकामी होऊं शकतात, व संप्रेरकांचें औषध पांच वर्षें वा अधिक घ्यावयाचें असल्यानें गर्भधारणेचें वय निघून जातें. डॉक्टरांनीं औषधापूर्वींच बीज गोठवून ठेवण्याची सोय सांगितली, तेव्हां आम्ही वडील मंडळी खिडकीबाहेर पाहत बसलों. तिनें व तिच्या नवऱ्यानें आपसांत ठरविलें व सही केली. पूर्वीं अशा स्त्रीस गर्भ राहिला तर रोग उसळेल अशी समजूत होती. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासांत बेचाळीस वर्षांपर्यंतच्या ५१६ स्त्रियांनीं दीड ते अडीच वर्षें औषध घेऊन मग गर्भासाठीं कमाल दोन वर्षें तें थांबविलें. तीन वर्षांत रोग उलटण्याचें प्रमाण त्यांच्यांत शेंकडा ८.९ निघालें, तुलनेसाठीं घेतलेल्या जुन्या गटांत तें ९.२ होतें. तीनशेंवर स्त्रियांस जिवंत अपत्य झालें. येथें दैवाधीन वांटणी नाहीं, व तीन वर्षांचा काळही या रोगांत थोडा. केन्सच्या पुराव्यास आम्हीं जो आक्षेप घेतला तो येथेंही घेतलाच पाहिजे, मग फलित आम्हांस कितीही हवेंसें असो. भाचीचें औषध चालू आहे. पुढील वर्षीं तें थांबवावें कीं कसें, याचा विचार ती व तिचे डॉक्टर करीत आहेत. आमचें मत या वेळीं कोणीं विचारलें नाहीं, व आम्हींही दिलें नाहीं.

बाडाच्या त्या पानाच्या समासांत आम्हीं शिसपेनीनें लिहून ठेविलें आहे : "हा लेप पिकणाऱ्या स्तनविद्रधीचा. न दुखणाऱ्या गांठीस लावूं नये. ती आधीं डॉक्टरांस दाखवावी." मूळ कागदावर लिहिणें हें संग्राहकाच्या धर्माविरुद्ध आहे हें आम्ही जाणतों. ज्या वाचकांच्या बाडांत स्तनरोगावरील योग असतील त्यांनीं नक्कल देतांना हें वाक्य निदान नकलेवर तरी उतरावें. तसेंच, सुश्रुताच्या चिकित्सास्थानाचा अठरावा अध्याय, किंवा स्तनांतील गांठीचा कोणा वैद्यानें मोडींत लिहिलेला प्रत्यक्ष वृत्तांत, ज्यांच्यापाशीं असेल त्यांनीं मंडळाच्या पत्त्यावर कळविल्यास आम्ही स्वखर्चानें येऊन पाहूं. 'अशेष' या पदाच्या ठिकाणीं पाठभेद असल्यास तो विशेषेंकरून हवा आहे.